घनसावंगीहून काळ्या पाण्यापलीकडे

घनसावंगी हे जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे गाव. रानात कापूस, तूर, ऊस, अधूनमधून मोसंबीच्या बागा आणि तालुक्याच्या दक्षिण कडेने वाहणारी गोदावरी. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे. बारा वर्षांचा नारायण विवाहवेदीवरून निघून गेला, चोवीस वर्षांनी परतला, तोवर वाट पाहून पाहून राणूबाईंची दृष्टी गेली होती, असे परंपरा सांगते. मोतीबिंदू घेऊन माझ्या दवाखान्यात येणाऱ्या वृद्ध स्त्रिया ही कथा शेजारघरी घडल्यासारखी सांगतात. त्यांच्यापैकी कित्येकींचे मुलगे आज सैन्यात आहेत. म्हणून दूर गेलेल्या लेकाचा विषय आमच्याकडे पुराणातला नाही, रोजचा आहे.

वाचकहो, आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते अशा घरांविषयी, ज्यांना सैनिकाबरोबर समुद्र ओलांडून संसार हलवावा लागतो. आपल्याकडे असे ठिकाण म्हणजे मुख्यतः अंदमान. तेथे २००१ साली भूदल, नौदल व हवाई दल यांचा संयुक्त विभाग स्थापन झाला. त्याचे मुख्यालय पोर्ट ब्लेअर येथे आहे. या शहराला २०२४ पासून ‘श्री विजयपुरम’ हे नाव मिळाले आहे. आमच्या गावातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी मात्र अजूनही ‘काळे पाणी’च आहे. सावरकर बंधूंच्या कथा ऐकत वाढलेल्या पिढीला त्या बेटांवर कोणी राहायला जाते, हेच पटत नाही.

काही वर्षांपूर्वी येथील एका हवालदाराची बदली तिकडे झाली. कुटुंबासाठी निवासस्थान मिळणार होते. तो मला विचारायला आला, “डॉक्टरसाहेब, बाबांना न्यावं का?” वडील सत्तरीचे, रक्तदाबाचे रुग्ण. मी फारसा विचार न करता म्हणालो, “या वयात नको. दमट हवा, परका मुलूख. इथेच बरे राहतील.” माझा शब्द त्याने प्रमाण मानला. सून-नातवंडे गेली, वडील राहिले. पुतण्या दोन वेळचा डबा आणून देत असे. पहिले दोन महिने ते तपासणीला आले, “बरं हाय” म्हणाले. तिसऱ्या महिन्यात आले नाहीत आणि मीही विचारपूस केली नाही. गोळ्या लवकर संपू नयेत म्हणून ते अर्धीच गोळी घेत होते, हे नंतर कळले. एके सकाळी पुतण्या डबा घेऊन गेला तेव्हा ते जमिनीवर पडलेले होते. उजवी बाजू लुळी पडली होती. पुढची दोन वर्षे त्यांनी अंथरुणावर काढली. मुलाने मला कधी बोल लावला नाही. पण मी हवेचा विचार केला आणि गोळ्या कोण मोजणार याचा केला नाही, हे मला विसरता आलेले नाही. शिवाय त्या सगळ्यात खुद्द त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते.

त्यानंतर तीन वर्षांपूर्वी दुसरे कुटुंब तोच प्रश्न घेऊन आले. आजी चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मधुमेहासाठी इन्सुलिन चालू, गुडघे झिजलेले. या वेळी मी मुलाला व सुनेला बाहेर बसायला सांगितले आणि आजींनाच विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “काळ्या पाण्याचं भ्या वाटतंय, डॉक्टर. पर नातवाबिगर करमंना.” निर्णय झाला. मग सहा आठवडे आम्ही तयारी केली. ती तयारी आपल्यापैकी कोणाच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे सांगतो.

पहिली गोष्ट कागदांची. सैनिकाच्या आई-वडिलांना लष्करी रुग्णालयात उपचार मिळतात, पण त्यांची ‘आश्रित’ म्हणून सेवा-अभिलेखात रीतसर नोंद असावी लागते आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा असते. ही नोंद बदलीच्या गडबडीत राहून जाते. ती निघण्यापूर्वीच करून घ्यावी. दुसरा कागद आजाराचा. एका पानावर आजारांची नावे, चालू औषधे व त्यांची मात्रा, ॲलर्जी, पूर्वीच्या शस्त्रक्रिया आणि अलीकडचे तपासणी अहवाल एवढे लिहून घ्यावे. औषधांची नावे कंपनीच्या नावाने न लिहिता मूळ औषधाच्या नावाने लिहावीत, कारण गावातली कंपनी तिकडच्या दुकानात असेलच असे नाही. तिसरी गोष्ट डोळे, दात व गुडघे यांची. लांबणीवर टाकलेले उपचार जाण्यापूर्वी आटोपावेत. आजींच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू आम्ही काढून घेतला.

मग प्रवास. घनसावंगीहून अंबडमार्गे जालना, तेथून रेल्वेने सिकंदराबाद, पुढे चेन्नई आणि चेन्नईहून विमानाने सुमारे दोन तास. चेन्नईहून जहाजही जाते, पण त्याला तीन दिवस लागतात; वृद्धांना तो मार्ग मी सुचवणार नाही. इन्सुलिन नेहमी हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावे. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ते गोठून निकामी होऊ शकते. गाडीत व विमानात तासा-दीड तासाने पायांचे चवडे वर-खाली करावेत, जमेल तेव्हा चार पावले चालावे आणि लघवीला जावे लागेल या भीतीने पाणी कमी करू नये. बराच वेळ पाय लोंबकळते राहिले तर पोटरीतील शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो.

गेल्या जानेवारीत मी व माझी पत्नी अंदमानला गेलो, तेव्हा त्या कुटुंबाला भेटलो. फाटकावर नोंद, ओळखपत्र, आत छायाचित्रे काढायची नाहीत अशी ताकीद, आणि मग नारळाच्या झाडांमधून जाणारा स्वच्छ रस्ता. निवासस्थान तळमजल्यावर होते. आजींच्या गुडघ्यांचे प्रमाणपत्र जोडून मुलाने तसा अर्ज केला होता. आजी ओसरीत बसल्या होत्या. मला पाहताच पहिला प्रश्न, “पाऊस झाला का तिकडं?”

पाऊस हा तिकडे कुतूहलाचा विषय नाही. आमच्या जिल्ह्यात वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या चौपटीहून अधिक तेथे पडतो, आणि दोन्ही मान्सूनचा पडतो. आमचा उन्हाळा कोरडा. घाम लगेच वाळतो व शरीर निवते. तेथे पारा चाळीशीला जात नाही, पण घाम अंगावरच राहतो. त्यामुळे उष्णता कमी भासली तरी पाणी व क्षार शरीरातून जातच राहतात. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तेथे पोचल्यावर पहिल्या पंधरवड्यात रक्तदाब व रक्तातील क्षार तपासून घ्यावेत. काखेत, मांडीत, बोटांच्या बेचक्यांत गजकर्ण होते. अंग कोरडे करून सुती कपडे घालावेत. गोळ्या पाकिटातून आधीच काढून डबीत भरू नयेत, दमटपणाने त्या खराब होतात.

आजींची शेतात अनवाणी जाण्याची सवय मला ठाऊक होती. अंदमानात लेप्टोस्पायरोसिस हा आजार आढळतो. उंदीर व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून तो त्वचेवरच्या बारीक जखमांवाटे शरीरात शिरतो. मधुमेह्यांच्या पायांना जखम झालेली पुष्कळदा कळतही नाही. म्हणून रबरी तळव्याची बंद पादत्राणे घरात एक, बाहेर एक, अशी अट मी घातली होती. ती पाळली जात होती. ओल्या फरशीवर पडण्याची भीतीही त्यामुळे कमी झाली. तेथे ताप आला तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. हिवतापाचीही शक्यता असते, रक्त लगेच तपासावे.

एक गोष्ट मात्र माझ्याही ध्यानात आली नव्हती. घनसावंगीत आणि पोर्ट ब्लेअरमध्ये घड्याळ एकच, पण सूर्य वेगळा. ती बेटे एवढी पूर्वेला आहेत की सूर्य तेथे आमच्यापेक्षा तासाभराहून अधिक आधी उगवतो. जानेवारीत सव्वापाचलाच दिवस मावळतो. आजी आयुष्यभर दिवेलागणीनंतर सुई घेऊन लगेच जेवत आल्या. तेथेही अंधार पडताच त्यांनी सुई टोचून घेतली. घरातले जेवण मात्र घड्याळाप्रमाणे साडेआठला. दुसऱ्याच आठवड्यात एके संध्याकाळी त्या घामाघूम झाल्या, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. सुनेने घाईने साखरेचे पाणी पाजले आणि त्या सावरल्या. मला दूरध्वनीवर हे कळले तेव्हा मी पुन्हा एकदा वरमलो. उपाय साधा होता. जेवणाआधीच्या इन्सुलिनची वेळ सूर्याशी किंवा घड्याळाशी नव्हे, ताटाशी बांधायची. ताट वाढल्याखेरीज सुई नाही. शुद्ध हरपलेली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

रुग्णालयांची सोय तेथे आहे. नौदलाचे ‘धन्वंतरी’ रुग्णालय आहे, नागरिकांसाठी गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. तरीही गुंतागुंतीच्या आजारात मुख्य भूमीवर जावे लागू शकते. म्हणून ज्यांना नियमित डायलिसिस लागते, कर्करोगाचे उपचार चालू आहेत, हृदय फार दुर्बळ झाले आहे किंवा विस्मृतीचा आजार बळावला आहे, त्यांनी आपल्या तज्ज्ञ डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा. बेटांवर आणखी एक तयारी हवी. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने कार निकोबारच्या हवाई तळावरील जवान व त्यांची कुटुंबे गिळली. भूकंपाचा धक्का बसल्यावर उंचावर कोठे जायचे, वृद्धांना कोण उचलणार, हे घरात आधी ठरलेले असावे. आजींची औषधांची पिशवी दाराच्या खिळ्याला टांगलेली पाहून मला बरे वाटले.

निघताना सून मला फाटकापर्यंत पोचवायला आली. ती हळूच म्हणाली, “हे महिना महिना बाहेर असतात, डॉक्टर. सासूबाईंचं मी करते, पण रात्री झोप लागत नाही.” वाचकहो, सैनिकाचे घर चालते ते बहुधा अशा एका बाईच्या जागरणावर. तिची चौकशी कोणी करत नाही. मी तिचा रक्तदाब तपासला, वाढलेला होता. शेजारच्या सातारच्या भगिनीने आठवड्यातून दोन दुपारी आजींजवळ बसावे, असे तिथल्या तिथे ठरले. दोघी हरिपाठ म्हणतात, त्यामुळे आजींनाही ते मानवले. काळजी घेणाऱ्याची सुट्टी हीदेखील औषधाच्या चिठ्ठीवर लिहायची गोष्ट आहे.

आणि वडीलधाऱ्यांना गावीच राहायचे असेल, तर तेही त्यांच्या इच्छेने व्हावे. मग मात्र आठवड्याच्या गोळ्या मोजून देणारा एक माणूस नावानिशी ठरवावा, रोज ठरल्या वेळी मुलाचा दूरध्वनी यावा, एक किल्ली शेजारी असावी आणि महिन्याची तपासणी चुकली तर डॉक्टरांनीच निरोप धाडावा. माझ्या दवाखान्यात आता अशा घरांची एक वेगळी वही आहे.

आजींनी मला निरोपाला एक शंख दिला आणि एक काम सांगितले, “माझ्या तुळशीला पाणी घालतंय का कुणी, तेवढं बघा.” परतल्यावर मी त्यांच्या घरावरून गेलो. शेजारीण घालत होती. तुळस अंगणात हिरवीगार होती. मी तिचे छायाचित्र काढले आणि त्याच संध्याकाळी पाठवले. आमच्याकडे तेव्हा अजून ऊन होते. तिकडे आजींचे जेवण उरकले होते.