रात्री दोन वाजता, लाईट नसताना

दहिवलीच्या घरातली लँडलाईन मी बंद केली. मी म्हणजे मीच, घरात दुसऱ्या कुणी ते पाप केलेलं नाही. २०२४च्या मे महिन्यातल्या एका शनिवारी पुण्याहून निघालो, कर्जत स्टेशनवर वड्यांचं पुडकं घेतलं, उल्हास नदीवरचा पूल ओलांडला आणि संध्याकाळपर्यंत आजी-आजोबांना 'इंटरनेट कॉलिंग'वर आणून मोकळा झालो. परतीच्या गाडीत काय खूश होतो मी! ऑफिसात मायग्रेशनला सहा-सहा महिने लागतात, आणि इथे एका दिवसात काम फत्ते.

असो. आधी त्या लँडलाईनबद्दल.

फोन घरात आला १९९२ साली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचा तो काळ. त्यामुळे फोनसाठी खास तिपाई आली, तिपाईवर आजीनं विणलेलं आसन, आणि शेजारी दोरीला बांधलेलं पेन. (पेनाला दोरी का, तर आळीतले सगळे फोन करायला आमच्याकडे यायचे आणि जाताना पेन खिशात जायचं.) नंबराला मागेपुढे आकडे चिकटत तो सहा आकडी झाला, पण आजीच्या लेखी तो एकच नंबर होता. गॅसच्या पुस्तकावर, बँकेत, लग्नाच्या पत्रिकांवर, सगळीकडे तोच. २०२१च्या जानेवारीपासून लँडलाईनवरून मोबाईल लावताना आधी शून्य फिरवावं लागायला लागलं, तेव्हा आजोबांनी दोन दुपारी बसून डायरीतल्या प्रत्येक मोबाईल नंबरामागे लाल पेनानं शून्य काढलं.

मग बंद का केली? कारणं होती हो. पाऊस पडला की तारेत खरखर. रस्त्याच्या खोदकामात तार दोनदा तुटली, एकदा तर तीन आठवडे फोन मुका. शिवाय अमेरिकेतल्या आत्याला आईचा चेहरा बघायचा होता. पूर्वी मी सुट्टीत गेलो की लॅपटॉपवर स्काईप लावून द्यायचो (ते स्काईपही २०२५च्या मे महिन्यात बंद पडलं), पण मी निघालो की चेहरेही माझ्याबरोबर निघायचे. म्हणून केबलवाल्याकडून फायबर घेतलं, वायफाय लावलं, मोठ्या स्क्रीनचा टॅबलेट आणला, त्यावर व्हॉट्सअॅप आणि आत्याचा, बाबांचा, माझा असे तीन ठळक फोटो. फोटो दाबा, माणूस हजर! आजी अर्ध्या तासात शिकली.

आजोबांनी एकच प्रश्न विचारला. "लाईट गेली की?"

मी म्हणालो, "आजोबा, आता कुठे जाते एवढी लाईट?"

(दहिवलीत, पावसाळ्याच्या तोंडावर हे वाक्य बोलायला विशिष्ट प्रकारचं शिक्षण लागतं. माझ्याकडे त्याची डिग्री आहे.)

जून झकास गेला. आत्यानं परसातले टोमॅटो दाखवले, आजीनं लोणच्याची बरणी दाखवली. तिसऱ्याच दिवशी आजी मला म्हणाली, "आत्या वाळलीय रे, फोनवर सांगत नव्हती." हे लँडलाईनवर तिला कधीच कळलं नसतं. तेव्हा इंटरनेट वाईट आणि जुनं ते सोनं असं मला अजिबात म्हणायचं नाहीये.

जुलैमध्ये एका रात्री धो धो पाऊस, नऊ वाजता लाईट गेली. वायफाय बंद, म्हणजे तिन्ही फोटो नुसते फोटो. टॅबलेटमध्ये सिमकार्ड नव्हतंच. रात्री दोनच्या सुमारास आजोबा मोरीत चक्कर येऊन पडले. घरात एक बटणांचा मोबाईल होता, पण बॅटरी वाचावी म्हणून आजोबा तो बंद करून कपाटात ठेवायचे, आणि चालू कसा करायचा ते आजीला माहीत नव्हतं. शेवटी ती टॉर्च घेऊन भर पावसात शेजारच्यांच्या फाटकाशी जाऊन हाका मारत राहिली. पावसाच्या आवाजात हाक ऐकू जायला किती वेळ लागला ते तिला सांगता येत नाही. शेजाऱ्यांनी गाडी काढली. मनगट मोडलं होतं, सोडियम खाली गेलं होतं, बाकी आजोबा वाचले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आजी मला म्हणाली, "मी आधी फोन उचलला रे. सवयीनं. आतून काही आवाजच नाही."

लाईन बंद केली तरी यंत्र तिपाईवर तसंच होतं, कारण ते आसन हलवायला ती तयार नव्हती. ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं.

आता थोडा तांत्रिक फंडा, कारण मला तो माहीत असायला हवा होता. लँडलाईनचा साधा फोन घरातल्या विजेवर चालतच नाही. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असते, तिथून तांब्याच्या दोन तारांवरून ४८ व्होल्टचा दाब घरापर्यंत येतो. घंटी वाजवण्यापुरता साधारण ७५ व्होल्टचा वेगळा प्रवाह, तोही तिकडूनच. गावात अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की डायल टोन येतो, तो दूरच्या बॅटरीच्या जोरावर. फायबर म्हणजे काच. तिच्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. म्हणून घरातल्या डब्याला, ज्याला ओएनटी म्हणतात, आपली वीज द्यावी लागते. थोडक्यात काय, तर लाईट गेल्यावर फोन चालू ठेवायची जबाबदारी इतकी वर्षं एक्स्चेंजची होती. ती मी त्या शनिवारी उचलून पंच्याहत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांच्या घरात ठेवून आलो, आणि त्यांना सांगितलंही नाही. शिवाय व्हॉट्सअॅपवरून १०८ लागत नाही, म्हणजे वायफाय चालू असतं तरी त्या टॅबलेटवरून अॅम्ब्युलन्स बोलावता आली नसती.

हे फक्त आपल्याकडचं नाही. ब्रिटनमध्ये जुनं तांब्याचं टेलिफोन जाळं २०२५च्या अखेरीस बंद करायचं ठरलं होतं, ते जानेवारी २०२७पर्यंत पुढे ढकललं. त्याचं एक मोठं कारण म्हणजे एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यातली मदतीची बटणं त्याच तारांवर चालतात. लँडलाईनवरच अवलंबून असलेल्या ग्राहकाला लाईट गेल्यावर किमान एक तास तरी मदतीचा फोन लावता यावा, अशी सोय देणं तिथे कंपनीवर बंधनकारक आहे. आपल्याकडे ही चौकशी नातवानंच करायची असते. मी केली नव्हती. ऑफिसात 'सर्व्हर पडला तर काय' यावर आम्ही तासन्‌तास मीटिंगा घेतो, आणि घरी मी मेन स्विच एकदाही बंद करून पाहिला नव्हता.

आजोबा रेल्वेतले. नोकरीची बरीच वर्षं कर्जतलाच गेली. घाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, ती लावताना बघत त्यांचं आयुष्य गेलं. प्लास्टरमधला हात छातीशी धरून ते मला म्हणाले, "पुढचं इंजिन कितीही चांगलं असू दे. सदतीस फुटाला एक फूट चढ आहे. मागे काय लावलंय ते बघूनच गाडी सोडतात."

मग मागचं इंजिन लावलं. ओएनटीच्या मागे साध्या फोनसाठी एक खाच असते, त्यात तिपाईवरचाच फोन जोडला. तेच यंत्र, तोच रिसीव्हर, आणि डायरीतली लाल शून्यं पुन्हा कामाला आली. डबा साधारण १२ वॅट खातो. त्याला आधी एक छोटा यूपीएस लावला, तो तीनेक तास टिकला. पण दहिवलीतली पावसाळी रात्र तीन तासांची नसते, म्हणून १५० अँपिअर-अवर बॅटरीचा इन्व्हर्टर घेतला. त्यावर एक पंखा, एक दिवा आणि हा डबा रात्र सहज काढतात. केबलवाल्याला विचारलं की तुमच्याकडची यंत्रं किती वेळ चालतात? तो प्रामाणिकपणे म्हणाला, "चार तास." म्हणजे आमचा इन्व्हर्टर कितीही दणकट असला तरी पाचव्या तासाला फोन मुकाच. म्हणून बटणांचा मोबाईल आता कायम चालू, आजीच्या उशाशी. त्यात १ दाबून धरलं की शेजारी, २ ला बाबा. १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरात.

जुना नंबर मात्र गेला तो गेला. लँडलाईनच्याच कंपनीचं फायबर घेतलं तर बऱ्याचदा नंबर तसाच ठेवता येतो, हे मी लाईन बंद करून झाल्यावर वाचलं. बँकेत विचारलं की आजी अजून जुनाच नंबर सांगते. मी दुरुस्त करत नाही, मागून हळूच नवा लिहून देतो.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री आजोबा मेन स्विच बंद करतात. अर्धा तास थांबतात आणि फोन लावतात. माझ्या मोबाईलवर 'दहिवली घर' असं उमटतं.

"लाईट बंद केलीय. ऐकू येतंय का?"

"येतंय, आजोबा."

"ठीक. ठेवतो."

मग ते वहीत तारीख आणि वेळ लिहितात, रेल्वेतल्यासारखी, चोवीस तासांच्या घड्याळात. एका रविवारी मी सिनेमाला होतो, फोन उचलला नाही. त्या ओळीपुढे वहीत लाल पेनानं लिहिलंय : 'लाईन ठीक. नातू अनुपलब्ध.'