पाणी कुठून येतंय?

मुखेडला गेले होते महालक्ष्म्यांची पुरणपोळी खायला. दीड दिवस गेला एका पिकअपच्या केबिनमध्ये, डॅशबोर्डखाली डोकं घालून. आणि खरं सांगू? मजा आली!

मुंबईहून मुखेडला जायचं म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागते. मुखेडला रेल्वे नाही. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून नांदेड गाठायचं, स्टँडवर चहा मारायचा आणि लाल एसटी पकडायची. माझी गाडी कंधारवरून गेली. किल्ल्याचा खंदक, मग काळं रान, सोयाबीन, कापूस, मध्येच बालाघाटचे बोडके माळ. ऑफिसातल्या मैत्रिणीला लोकेशन पाठवलं, तर तिचा मेसेज आला, 'हे आंध्रात आहे का?' नाही गं बाई, महाराष्ट्रातच आहे. पण कर्नाटक आणि तेलंगणा इतके जवळ आहेत, की बाजारात उभं राहिलं तर एका कानात मराठी, दुसऱ्यात दखनी आणि मागून तेलुगू ऐकू येतं.

2025चा ऑगस्ट संपत आला होता. दोनच आठवड्यांपूर्वी, 17 आणि 18 ऑगस्टच्या दरम्यान, याच तालुक्यात मुक्रमाबाद भागात एका रात्रीत दोनशे मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला होता. लेंडी नदीकाठची रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगोली ही गावं पाण्यात गेली, लष्कराला बोलवावं लागलं, हसनाळमध्ये माणसं दगावली. एसटीतले लोक अजून त्याच रात्रीबद्दल बोलत होते, हळू आवाजात. तेव्हा मामाच्या घरी पोचल्यावर 'पाणी' हा शब्द ऐकून मी दचकलेच.

''पुराचं नाही गं,'' मामी म्हणाली, ''ह्याच्या गाडीतलं.''

एक पिकअप, दोन मतं

'हा' म्हणजे माझा मामेभाऊ. आम्ही दादा म्हणतो. चार वर्षं पुण्यात एका कंपनीत होता, शिफ्टची नोकरी. ती सोडून गावी आला आणि कर्ज काढून पिकअप घेतली. मुखेडहून नांदेड, उदगीर, कधी हैदराबाद. भाजी, सोयाबीन, फर्निचर, लग्नाचं सामान... जे मिळेल ते. मामाला हे पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं. ''नोकरी गेली, आन् घरात हप्ता आला,'' हे त्याचं ठरलेलं वाक्य.

आणि आता गाडीनेच मामाच्या हातात कोलीत दिलं होतं. गणपतीच्या आदल्या दिवशी पहाटे चारला दादा भाजी भरून निघणार, तर गाडी सुरूच होईना. डावीकडच्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागी, मॅटिंग पिळून काढावं इतकं ओलं. वर डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सवरून थेंब पडत होते. व्यापाऱ्याने वाट पाहिली नाही, दुसरी गाडी बोलावली. ऐन सणातलं गिऱ्हाईक गेलं.

''पुरात गेल्ती ना गाडी,'' दादा म्हणाला. ''रावणगावकडं लोकांना धान्य न्यायला गेल्तो. तवाच पाणी शिरलं असंल.''

मामाचं निदान वेगळं. ''गाडीच खराब हाय. दिवाळीच्या आत विकून टाक.''

तिसरं निदान एका काचवाल्याचं. त्याने गाडी लांबूनच पाहिली आणि सांगितलं, पुढची काच काढून नवीन बसवावी लागेल, साडेसहा हजार. काच सहा महिन्यांपूर्वीच बदललेली होती, म्हणून दादालाही ते पटलं होतं. पैसे उसने घ्यायची बोलणीसुद्धा चालू होती. मी आपली मुंबईची शहाणी. म्हटलं, ''अरे, आधी दुसरं कुणाचं तरी मत घे ना. डॉक्टरकडे नाही का घेत?''

चाचांचा फंडा

दुसरं मत घ्यायला आम्ही रविवारी सकाळी गेलो एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लिंबाचं खोड आणि टायरांचा ढीग. चाचांनी पाण्यात बोट बुडवलं, वास घेतला, दोन बोटं एकमेकांवर घासली.

''चिकट नाही, गोड वास नाही. म्हणजे इंजिनाचं कूलंट नाही,'' ते म्हणाले. ''एसी हाय का?'' नव्हता. ''मग तेबी बाद. एसीचं पाणी उन्हातबी गळतंय. हे पावसाचंच हाय.''

मग त्यांनी मॅटिंग उचललं. खालचा पत्रा दाखवला. ''पुराचं पाणी खालून येतंय, बेटी. येताना गाळ आणतंय. कुठं हाय गाळ?'' गाळ नव्हता. होता तो गंज, चांगला जुना, तपकिरी पापुद्रे सुटलेला. म्हणजे पाणी ऑगस्टमध्ये पहिल्यांदा आलं नव्हतं. महिनोन् महिने थोडं थोडं येत होतं, मॅटिंगखालचा फोम ते पिऊन टाकत होता. फोम भरला तेव्हा आम्हाला कळलं! दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुरात मदतीला गेल्याचा त्याला मनातून थोडा पश्चात्ताप होत होता, तो एका मिनिटात गेला.

''पयले सुखाओ, फिर ढूंढो,'' चाचांनी फर्मान काढलं. ओल्या गाडीत गळती शोधता येत नाही, कारण सगळंच ओलं दिसतं. मॅटिंग उन्हात, फोम उन्हात, पत्रा फडक्याने कोरडा. त्यानंतरची त्यांची पद्धत मी वहीत उतरवून घेतली. तुमच्या-आमच्या कारलाही ती तशीच लागू आहे:

1. कोरड्या पत्र्यावर, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरायची. पाणी जिथून उतरेल तिथे पावडरवर रेघ उमटते.
2. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळी धरायची. नळी खालून वर न्यायची. आधी दार, मग काचेची खालची कड, मग वरची, शेवटी टप. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.
3. एका जागी निदान चार-पाच मिनिटं. घाई करायची नाही.
4. नळीला जोर नको. पाऊस पडतो तसं पाणी पडलं पाहिजे.

आत बसायची ड्यूटी अर्थात माझी. गुडघे छातीशी, डोकं डॅशबोर्डखाली, हातात टॉर्च, नाकात पावडर. दार? कोरडं. दाराच्या काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच, पण ते दाराच्या खालच्या बारीक भोकांतून बाहेर जायला हवं, आणि ते व्यवस्थित जात होतं. पुढची काच? खालची कड कोरडी, वरची कड कोरडी. साडेसहा हजारांची काच बेकसूर निघाली! टपही कोरडा. तासाभराने मी बाहेर आले तेव्हा मी सोडून कुठेच काही गळत नव्हतं.

लिंबाखालचा उतार

आता? दादा वैतागला. ''म्हणजे पाणी येतच न्हाई का?''

चाचांनी बिडी विझवली आणि एकच प्रश्न विचारला. ''गाडी रात्री कुठं लावतोस?''

घरासमोर. लिंबाच्या झाडाखाली. तिथे जमिनीला उतार आहे, गाडीचं तोंड उताराकडे असतं. आणि गॅरेजची जमीन? एकदम सपाट!

चाचा स्वतः आमच्याबरोबर घरी आले. घरात महालक्ष्म्यांची गडबड, दारात रांगोळीची पावलं, आणि बाहेर पिकअप तोंड खाली करून उभी. बोअरची नळी जोडली. पुन्हा मी आत. या वेळी काचेच्या खाली, वायपरजवळची काळी जाळी असते ना, तिच्यावर पाणी सोडलं. एक मिनिट, दोन मिनिटं. काही नाही. तिसऱ्या मिनिटानंतर डावीकडे, फ्यूज बॉक्सच्या मागून एक थेंब आला. मग दुसरा. मग पावडरवर चक्क एक ओढा!

''आलं! पाणी आलं!'' मी इतक्या जोरात ओरडले की मामी पळीसकट बाहेर आली.

जाळी उघडली. तिच्याखाली काचेच्या रुंदीची एक पन्हळ असते. काचेवरून उतरलेलं पावसाचं पाणी तिच्यात जमतं आणि दोन्ही टोकांच्या वाटांनी चाकांमागे जमिनीवर पडतं. निदान पडायला हवं. आमच्या पन्हळीत दोन ओंजळी लिंबाचा पाला, लिंबोळ्यांच्या बिया आणि त्यांचा झालेला काळा चिखल होता. डावी वाट पूर्ण बंद. सपाट जागेवर पाणी उजव्या वाटेने निघून जायचं. उतारावर ते पुढे डावीकडे तुंबायचं आणि पातळी चढायची. तरीही आत आलं नसतं. पण त्याच कोपऱ्यात, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात, वायर जाण्यापुरतं एक भोक होतं. त्यातलं रबरी बूच गायब!

दादा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, ''मागच्या साली हॉर्न बसवला होता. डबल. वायर आत घ्यायला मीच काढलं होतं ते.''

म्हणजे नुसता पाला असता तर चाललं असतं. नुसतं भोक असतं तरी बहुतेक चाललं असतं. पाला, भोक, उतार आणि रात्रभराचा पाऊस असं चौघांचं जमलं, की पहाटे फ्यूज बॉक्सवर थेंब. आणि पुरावा सापडायचा तो मात्र खाली, मॅटिंगवर, गुन्ह्याच्या जागेपासून हातभर लांब.

मामा ओट्यावर उभा राहून सगळं ऐकत होता. लिंब त्याच्या वडिलांनी लावलेला. गाडी त्याच्याखाली लाव, उन्हात रंग उडतो, हेही त्यानेच सांगितलेलं. तो काही बोलला नाही. आत गेला आणि पाला काढायला जुना झारा घेऊन आला.

दगडाला कळलेलं

नवीन बूच, कडेने सीलंट, दोन्ही वाटा साफ, फ्यूज बॉक्सची टोकं कोरडी करून घासलेली. चाचांनी घेतले तीनशे रुपये आणि पुरणपोळीचं आमंत्रण. ''दर पंधरा दिवसाला जाळी उघडून हात घाल,'' एवढंच बजावलं.

सोमवारी, 1 सप्टेंबरला, महालक्ष्म्यांचं जेवण झालं. पुरण, आंबील, सोळा भाज्या, वर तूप... मुंबईच्या डाएटवर बोलूच नका! दुपारी पोट हलकं करायला मी दशरथेश्वराच्या जुन्या दगडी मंदिराकडे चालत गेले. शिल्पं बघायला गेले होते, पण डोक्यात पन्हळच. जुन्या शिवमंदिरांत अभिषेकाचं पाणी गाभाऱ्यातून बाहेर न्यायला दगडी प्रणाल कोरलेली असते. पाणी कुठून येणार यापेक्षा ते कुठून जाणार, हा विचार त्या कारागिरांनी शेकडो वर्षांपूर्वी केला होता. आम्ही डबल हॉर्नचा केला!

पेपर कोरडा

मंगळवारी पहाटे पाचला दादाला नांदेडची भाजी मिळाली. त्याच व्यापाऱ्याची. मला सकाळची तपोवन पकडायची होती, म्हणून मी पुढच्या सीटवर. रात्रभर पाऊस झाला होता आणि गाडी मुद्दाम लिंबाखालीच, तोंड खाली करून लावली होती. निघण्याआधी दादाने वाकून मॅटिंगवर तळहात ठेवला. मग त्यावर कालचा पेपर पसरला. ओलं झालं तर लगेच दिसेल, म्हणाला.

किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात गाडी सुरू.

कंधारच्या अलीकडे पावसाने पुन्हा गाठलं. वायपर फुल स्पीडवर, समोरचं काही दिसेना. आम्ही दोघंही रस्त्यापेक्षा माझ्या पायांकडेच जास्त बघत होतो. तेवढ्यात फोन वाजला. मामाचा. दादाने स्पीकरवर घेतला.

''कुठवर गेलाव?''

''कंधार येऊ लालंय, अण्णा. लई पाऊस हाय.''

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मामाने विचारलं, ''पेपर कसा हाय?''

मी पायाखालचा पेपर उचलला आणि फोनजवळ नेऊन जोरात फडफडवला. कोरड्या कागदाचा आवाज मुखेडपर्यंत नीट गेला असावा.

''बरं,'' मामा म्हणाला. ''येताना नवीन झारा आन. ह्यो आता गाडीलाच ठेव.''