फडताळातला स्वर

रात्रीचे साडेअकरा. गेले नऊ दिवस जिने माझे चित्त अन्यत्र लागू दिलेले नाही, ती ‘कलर ग्रीन’ ही ध्वनिमुद्रिका आजही लावून बसलो आहे. सिबिले बायर या जर्मन स्त्रीने १९७० ते १९७३ या काळात, घरच्या घरी, फितीच्या यंत्रावर ही चौदा गीते मुद्रित केली आणि हिशेबाची वही मिटून फडताळात ठेवावी इतक्या सहजपणे ती बाजूस ठेवून, अमेरिकेत जाऊन, संसारात रमली. तीस वर्षांनी मुलाने केवळ आप्तेष्टांसाठी त्यांची तबकडी तयार केली. तिची प्रत जे मॅस्किस या वादकाच्या हाती गेली, आणि २००६ साली जॉर्जियातील ‘ऑरेंज ट्विन’ या लहानशा संस्थेने ती प्रसिद्ध केली. कीर्तीच्या दरबारी या बाईने कधी अर्जच दाखल केला नव्हता, आणि तिच्या स्वराची निर्मळता मला त्यातच दिसते.

शेजारच्या खोलीत निजलेले मूल जागे होऊ नये, अशा बेताने ती गाते. गिटारच्या तारेवरून बोट सरकल्याचा बारीक आवाज, ओळीपूर्वी घेतलेला श्वास, फितीची मंद खरखर, हे सारे तसेच राहिले आहे, आणि कोणी ते पुसले नाही याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. माझी आई पहाटे चुलीपुढे अशीच स्वतःशी गुणगुणत असे. मी उठलो, की थांबे. तिचा तो स्वर कोणत्याही फितीवर नाही.

त्यातले ‘टुनाइट’ हे गीत पुन्हा लावले आहे, आवाज अगदी लहान ठेवून.