दोनचा गजर

इन्सुलिनवर असलेल्या मुलाच्या आईची रात्र अखंड कधी जात नाही. दिवसा साखर उतरली, हात थरथरले, तर तो सांगू तरी शकतो. झोपेत काय करणार? घामाने भिजलेले बनियन आणि सकाळी दुखणारे डोके, एवढ्याच खुणा मागे राहतात. संध्याकाळी तो भरपूर क्रिकेट खेळून आला की तिला अधिकच धास्ती, कारण खेळाचा परिणाम कित्येक तासांनी, मध्यरात्रीही होतो. म्हणून ती दोनचा गजर लावी, अंधारात त्याचे बोट चाचपडे, टोचे. आकडा ७० च्या खाली नसला की पुन्हा आडवी होई. झोप मात्र येत नसे.

अशा पहाऱ्यासाठी २००१ साली अमेरिकेत ‘ग्लुकोवॉच’ नावाच्या मनगटी घड्याळाला मान्यता मिळाली होती. पण घाम आला की ते मोजणेच चुकवी! आणि साखर उतरल्यावर घाम तर येणारच.

आता मुलाच्या दंडावर नाण्यासारखी चकती चिकटवलेली असते. केसासारखी बारीक तार कातडीखाली राहते आणि साखर घसरली की आईचा मोबाईल वाजतो.

पहिल्याच रात्री तो वाजला. ५८! ती साखरेचे पाणी घेऊन धावली. मुलगा डाव्या कुशीवर, चकती अंगाखाली.

‘‘आई, झोपू दे ना गं!’’

तिने तरीही बोट टोचले. ११२.

चकती रक्त तपासत नाही, पेशींभोवतीचा द्रव तपासते. दंड दाबला गेला की आकडा खोटाच खाली येतो. एरवीही साखर वेगाने बदलत असली, तर तो रक्ताच्या काही मिनिटे मागेच चालतो. पुढची चकती उजव्या दंडावर लागली. ग्लुकोमीटर उशाशीच राहिला.

वडिलांनी मध्यंतरी एका अंगठीची जाहिरात आणली. न टोचता साखर सांगणारी, आणि स्वस्तही! मोह पडावा अशीच. पण अशा अंगठ्या-घड्याळांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला होता. डॉक्टरांनीही मान हलवली.

खरी चकती १४ दिवस चालते आणि तिला काही हजार रुपये पडतात. दर महिन्याला दोन घेणे या घराला झेपत नाही. परीक्षा, ताप, शाळेची सहल अशा वेळी ती लागते. मधल्या रात्री दोनचा गजर पुन्हा वाजतो.