वासावर भाजलेली बिस्किटं

विलेपार्ल्याला आमच्या घरी बिस्किटांचा वास रोज यायचा. बिस्किटं मात्र हातावर मोजून मिळायची, प्रत्येकी दोन. स्टेशनच्या पूर्वेला पार्ले कंपनीचा कारखाना होता, १९२९ साली सुरू झालेला. तिथून निघणारा दुधासाखरेचा आणि भाजलेल्या पिठाचा वास आमच्या खिडकीत यायचा, वाळत घातलेल्या कपड्यांत शिरायचा. लोकलमध्ये डुलक्या काढणारी माणसं त्या वासानंच जागी होऊन दाराकडे सरकायची. भिंतीपलीकडे काय चालतं ते आम्हाला कधी दिसलं नाही. पिठाचं बिस्किट नेमकं कुठल्या क्षणी होतं, हे मला लहानपणी कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

२०१६मध्ये तो कारखाना बंद झाला. तोवर मी मुलाकडे बेंगळुरूला, बसवनगुडीत राहायला आले होते. पार्ल्यातच राहिलेल्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "ताई, वास गेला गं."

नातवंडांना माझ्या पार्ल्याच्या बिस्किटांचं फारसं प्रेम नाही. त्यांचा जीव क्रीमच्या बिस्किटावर. त्यातही बूरबॉनवर: लांबट, काळसर, वर साखरेचे खडे. धाकटी ते दोन्ही हातांनी हलकेच पिळते, दोन फाळ्या सुट्या करते आणि मधलं क्रीम पुढच्या दातांनी साफ खरवडून घेते. थोरला मात्र अख्खं खातो आणि तिच्याकडे बघत बसतो. या बिस्किटाचा जन्म लंडनमधल्या बर्मंडसीचा, १९१०चा. पीक फ्रीन कंपनीनं ते काढलं. त्या कंपनीच्या कारखान्यामुळे बर्मंडसीला लोक बिस्किटांचं गाव म्हणायचे आणि तिथल्या गल्ल्यांतही भट्टीचा वास भरून असायचा. तो कारखाना १९८९ साली बंद पडला. हे वाचलं तेव्हा मला तिथल्या न पाहिलेल्या बायका आठवल्या. त्यांच्यापैकीही कुणी कुणाला फोन करून वास गेल्याचं सांगितलं असेल.

नाताळच्या सुट्टीत धाकटीनं विचारलं, "आज्जी, हे बूरबॉन घरी होतं का?"

सामान जमवायला दूर जावं लागलं नाही. लोणी नंदिनीचं, पांढरं, बिनमिठाचं. कोको कॅम्पकोचा. ही कर्नाटक-केरळमधल्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था, १९७३ची. तिचा चॉकलेटचा कारखाना पुत्तूरला आहे. तिकडे सुपारीच्या बागांत, उंच पोफळींच्या सावलीत कोकोची झाडं लावतात. थोरल्याला हे इतकं आवडलं की कोको चाळताना तो म्हणाला, "म्हणजे हे सावलीत वाढलंय."

लोण्याचं मात्र मला कौतुक सांगायचंच आहे. पार्ल्यात मे महिन्यात लोणी वाटीत काढून ठेवलं की घटकाभरात त्याचं तेल व्हायचं. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच. डिसेंबरच्या सकाळी इथं लोणी ओट्यावर ठेवलं, तर तासाभरात ते बोट दाबलं की खळी पडेल इतकंच मऊ होतं, वितळत नाही. साखर फेटायला तेवढंच हवं असतं. शेजारचा मुलगा आमच्यात येऊन बसला होता. त्यानं बोट दाबून बघितलं आणि जाहीर केलं, "अज्जी, बेण्णे रेडी!" आमच्या घरात लोणी केव्हाच बेण्णे झालंय. आणि आज्जी तर त्याच्या कन्नडमध्येही आहेच, एका कान्याच्या अंतरावर.

शंभर ग्रॅम लोणी, पाऊणशे ग्रॅम पिठीसाखर, दीडशे ग्रॅम मैदा, पंचवीस ग्रॅम कोको, चिमूटभर सोडा, गोळा होईपर्यंत चमचा चमचा दूध. मळायचं नाही, फक्त एकत्र आणायचं, नाहीतर बिस्किट चिवट होतं. हे मुलांना पटवणं कठीण, कारण त्यांचे हात मळायलाच आलेले असतात. पोळपाटावर लाटून शंकरपाळ्यांच्या कातण्यानं पट्ट्या पाडल्या, कडा आपसूक नागमोडी आल्या. मग लाकडी काडीनं भोकं. वाफेला वाट मिळावी म्हणून ती पाडतात. नाहीतर बिस्किट मधेच फुगून बसतं आणि दोन फाळ्या एकमेकींवर टेकत नाहीत. धाकटीनं विकतच्या बिस्किटावरची भोकं मोजून ठेवली होती, दहा. एका पट्टीवर तिच्याकडून अकरावं पडलं, तेव्हा तिनं ते बोटानं दाबून बुजवलं.

आणि मग ओव्हनपाशी खरी अडचण आली. साधं बिस्किट कडेनं तांबूस झालं की कळतं. हे मुळातच काळं. कच्चंही काळं, झालेलंही काळं, करपलेलंही काळंच. काचेला डोळे लावून बसलं तरी काही उमगत नाही. एकशेसत्तर अंशांवर बारा ते चौदा मिनिटं, असं पुस्तकं सांगतात. पण दोन मिनिटांचा तो फरक या बिस्किटात फार मोठा असतो, आणि प्रत्येक ओव्हनचा स्वभाव वेगळा.

मी मुलांना म्हटलं, डोळे मिटा.

आधी येतो तो लोण्याचा वास, नुसता, ओलसर, तूप कढवायला ठेवल्यावर सुरुवातीला येतो तसा. मग थोडा वेळ काहीच नवं येत नाही. या मधल्या वेळात मुलं चुळबुळतात. त्यानंतर कोको जागा होतो आणि स्वयंपाकघर ओलांडून बाहेरच्या खोलीपर्यंत जातो. तरी थांबायचं. शेवटी त्याच वासाला एक बारीक कडसर धार येते, खमंगच्या पुढे आणि करपटच्या अलीकडे. ती आली की एक क्षण दवडायचा नाही. "आला!" असं थोरला डोळे मिटूनच ओरडला, आणि मी दार उघडलं. तो बरोबर होता. साठ वर्षांपूर्वी भिंतीपलीकडून जे नुसतं माझ्यापर्यंत येत राहिलं, त्याची घडण मला त्या दिवशी नातवाच्या शेजारी उभं राहून कळली.

बाहेर काढलेली बिस्किटं मऊ असतात, थंड होताना कडक होतात. गरम असताना क्रीम लावलं तर ते वितळून खाली ओघळतं. अर्धा तास थांबायचं होतं, म्हणून मी त्यांना नानकटाईची गोष्ट सांगितली. आमच्याकडे दिवाळीआधी आई रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायची. बेकरीवाला तिच्या डोळ्यांदेखत ते फेसायचा, पत्र्यावर चिठ्ठी ठेवून भट्टीत सारायचा, आणि संध्याकाळी मी डबा आणायला जायचे. घरी भट्टी नव्हती, पण तूप आपलं होतं. बेंगळुरूच्या अय्यंगार बेकऱ्यांत खारं बिस्किट आणि बेण्णे बिस्किट ताजं मिळतं, गांधी बाजारातून येताना मी ते घेतेच. तिथल्या भट्टीपाशी मला तो पत्रा आठवतो.

सदतीस बिस्किटं झाली होती. मुलांनी ती जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मांडली आणि जोड्या लावायला बसली. हे काम मी सांगितलं नव्हतं. डावीकडे कललेल्याला डावीकडे कललेलं, आखूड आखडलेल्याला तसंच आखूड. पन्नास ग्रॅम लोणी, शंभर ग्रॅम पिठीसाखर आणि चमचाभर कोको यांचं क्रीम, दाबलं की कडेपर्यंत यावं पण बाहेर पडू नये इतकं. अठरा जोड्या जमल्या. सदतिसावं होतं ते अकरा भोकांचं. ते शेजारच्या मुलाला मिळालं, वर उरलेलं सगळं क्रीम थापून.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीनं सवयीनं बिस्किट पिळलं आणि ते सुटलं नाही, नुसतं वाकलं. तिचा चेहरा उतरला. लोण्यात शंभराला पंधरा-सोळा भाग पाणी असतं. रात्रभरात ते क्रीममधून हळूहळू बिस्किटात मुरलं होतं. कारखान्यातलं क्रीम पाणी नसलेल्या वनस्पती तुपात करतात, म्हणून ते बिस्किट महिनोन्‌महिने कुरकुरीत राहतं. मी हे सांगत असताना तिनं घास घेतला होता. चावून झाल्यावर म्हणाली, "केकसारखं झालंय. कालच्यापेक्षा हेच चांगलं." आता ती बिस्किटं झाली की चार बाजूला काढते आणि डब्याला कुणाला हात लावू देत नाही.

जानेवारीत मी पार्ल्याला गेले, तेव्हा मुलांनी नव्यानं केलेल्या बिस्किटांचा डबा बरोबर दिला. उद्यान एक्स्प्रेसमध्ये जवळजवळ चोवीस तास तो माझ्या मांडीवर होता. पोचेपर्यंत बिस्किटं पुरती मुरली होती, क्रीमही मुंबईच्या उकाड्यात सैल झालं होतं. बहिणीचे दात आता थोडेच उरलेत. तिला ती बरी जातील म्हणून मी मनातून खुश होते.

तिनं झाकण काढलं. बिस्किटाला हात लावला नाही. डबा दोन्ही हातांनी उचलून तोंडाजवळ धरला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तशीच खिडकीपाशी उभी राहिली.