शेवटचे दोन आकडे

सांगलीतल्या एका बुटांच्या दुकानात बिल करणाऱ्या मुलीने मोबाईल नंबर घेतला आणि मग ईमेल विचारला. मी सांगू लागलो. आधी त्यांच्याच दुकानाचं नाव, त्याला जोडून ४७, मग ॲट, मग माझं आडनाव आणि डॉट इन. टाइप करता करता तिचा हात थांबला.

"सर, तुम्ही आमच्याच कंपनीत आहात का?"

"नाही. हा पत्ता फक्त तुमच्या दुकानासाठी आहे."

मागे रांग नसती तर तिने मॅनेजरला नक्की बोलावलं असतं. रांग होती म्हणून मी सुटलो.

गेली काही वर्षं मी जिथे तिथे असंच करतो. बँकेला एक पत्ता, गॅसवाल्यांना दुसरा, रक्त तपासणाऱ्या लॅबला तिसरा. सगळी पत्रं येऊन पडतात एकाच पेटीत. घरचे याला माझ्या धंद्याची सवय म्हणतात. मी मुद्रितशोधक आहे. चूक कुठल्या ओळीत शिरली हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझ्या पहिल्या व्हिजिटिंग कार्डावर, म्हणजे २००१ साली, इंटरनेट देणाऱ्या कंपनीचाच ईमेल पत्ता होता. तेव्हा सगळ्यांचा तसाच असे. पुढे २००६मध्ये ते कनेक्शन सोडलं आणि त्याबरोबर पत्ताही गेला. पाचशे कार्डांतली निम्मी अजून ड्रॉवरमध्ये आहेत. त्याहून वाईट म्हणजे तीन पुस्तकांच्या तपशिलाच्या पानावर तो पत्ता छापून गेला होता. पडद्यावरचं पुसता येतं, छापलेलं कसं पुसणार? त्या पुस्तकांबद्दल कुणी काही लिहिलं असेल, तर ते माझ्यापर्यंत कधीच पोचलं नाही.

मग फुकटचा पत्ता घेतला आणि उदारपणे वाटला. सहा वर्षांत त्याचा उकिरडा झाला. रोज सकाळी बिनव्याजी कर्ज, लोणावळ्याजवळचे प्लॉट, टकलावरचं तेल, परदेशातली लॉटरी. चाळणी होती, पण तिलाही चुका होतात. एका प्रकाशकाने पाठवलेली शेवटची प्रुफं नऊ दिवस स्पॅममध्ये पडून होती आणि तो मला आळशी समजत होता.

२०१२च्या दिवाळीत भाचा आला. तो पुण्यात सर्व्हर सांभाळायचं काम करतो. त्याला मी एक युक्ती ऐकवली. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह देऊन काहीही लिहिलं तरी पत्र आपल्यालाच मिळतं, म्हणजे प्रत्येकाला वेगळा पत्ता देता येतो. तो हसला. "मामा, बरेचसे फॉर्म ते अधिकचं चिन्हच घेत नाहीत. आणि त्याच्या पुढचं उडवलं की तुमचा खरा पत्ता उघडा पडतो. भाड्याच्या घरात राहून पाटी कितीही रंगवा. स्वतःचं नाव घ्या, म्हणजे डोमेन."

डॉट इन ही नावं २००५पासून कुणालाही मिळू लागली होती. माझ्या आडनावाचं नाव शिल्लक होतं. वर्षाला काहीशे रुपये, टपालपेटी ठेवून घेणाऱ्या कंपनीचे वेगळे. पुढे २०१४मध्ये देवनागरीतलं डॉट भारत निघालं तेव्हा मराठी माणूस म्हणून मोह झाला. पण देवनागरी पत्ता दिसला की बहुतेक फॉर्म 'पत्ता अवैध' म्हणून लाल होतात, हे कळल्यावर तो आवरला.

नाव घेतलं की पत्रं यायला लागतात असं मला वाटत होतं. तसं नसतं. या नावाची पत्रं कुठल्या सर्व्हरवर टाकायची, हे एका नोंदीत लिहून ठेवावं लागतं. तिला एमएक्स म्हणतात. दोन सर्व्हर असतील तर त्यांना १० आणि २० असे आकडे देतात. लहान आकड्याकडे आधी जायचं, तो बंद असला तर मोठ्याकडे. भाच्याने फोनवर सांगितलं, मी भरलं, आणि दोन दिवस एकही पत्र आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने माझा पडदा त्याच्या पडद्यावर घेतला आणि हसतच सुटला.

"मामा, शेवटचं टिंब राहिलं."

जिच्याकडून नाव घेतलं त्या कंपनीच्या पानावर सर्व्हरचं नाव लिहिलं की त्याच्या अखेरीस एक टिंब द्यावं लागत होतं. ते नसेल तर नाव अपुरं आहे असं धरून यंत्र त्याला आपलंच नाव पुन्हा चिकटवतं. माझी पत्रं अशाच एका अस्तित्वात नसलेल्या सर्व्हरला शोधत फिरत होती. आयुष्यभर लोकांचे अनुस्वार लावणाऱ्या माणसाचं टिंब राहिलं, ही गोष्ट भाचा अजून लग्नकार्यात सांगतो.

त्याच दिवशी मी 'कॅच-ऑल' चालू केलं. म्हणजे ॲटच्या अलीकडे काहीही लिहा, पत्र मला मिळणार. आधी पत्ता तयार करायला नको. काउंटरवर उभ्या उभ्या सुचेल ते सांगायचं आणि घरी येऊन वहीत टिपायचं. वही काळ्या पुठ्ठ्याची, तीन रकाने: पत्ता, कुणाला दिला, तारीख.

आमचा विमा उतरवणारे अण्णा. माझ्या वडिलांची पॉलिसीही त्यांनीच काढलेली. त्यांना मी 'विमा' एवढ्याच नावाचा पत्ता दिला होता, इंग्रजी अक्षरांत. दीड वर्षाने त्या पत्त्यावर कुठल्याशा परदेशी औषधांच्या जाहिराती येऊ लागल्या. वही काढली. तो पत्ता फक्त अण्णांकडे. मी फोन लावला आणि वाट्टेल ते बोललो. ते एवढंच म्हणाले, "अहो, मला ईमेल उघडायला मुलगा लागतो. मी कुणाला विकणार?" मला ते खरं वाटलं नाही. पुरावा माझ्या हातात होता.

महिनाभराने सुट्टीच्या दिवशी मी स्पॅमची पेटी उपसायला बसलो. ओळीने पत्ते दिसत होते: इन्फो, सेल्स, ॲडमिन, अकाउंट्स, बँक, विमा, पूजा, राहुल. यातला विमा सोडला तर एकही मी कुणालाच दिला नव्हता. म्हणजे पाठवणारा नुसता अंदाज करत होता. नेहमीच्या शब्दांची यादी घ्यायची आणि प्रत्येकाला माझं नाव जोडून पाठवत सुटायचं. कॅच-ऑल उघडं, त्यामुळे प्रत्येक अंदाज बरोबर. अण्णांचा पत्ता फुटलाच नव्हता. तो कुणालाही सुचेल असा होता, एवढाच त्याचा दोष.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पेढा घेतला, पण विषय काढला नाही, आणि मला ते जास्त लागलं.

तेव्हापासून प्रत्येक पत्त्याला शेवटी दोन आकडे, मनाला येतील ते. कॅच-ऑल बंद केलं आणि आकड्यांशिवायची पत्रं दारातूनच परत जातील असा नियम लावला. दुकानाचं नाव कुणीही ओळखेल, पण त्यापुढचे ४७ नेमके साधायला त्याला शंभरदा दार वाजवावं लागेल.

त्या ४७वर बूट घेतल्यानंतर अडीच वर्षांनी पहिलं उपरं पत्र आलं. शेअर बाजारात पैसे दुप्पट करून देणारं. आठवड्यात अकरा आली. या वेळी मी घाई केली नाही. तेच दुकान आणि १२, तेच दुकान आणि ८०, असा कुणी अंदाज चालवलाय का, हे सर्व्हरच्या नोंदींत पाहिलं. नव्हता. मग ग्राहक सेवेला फोन केला. "सर, आमच्याकडून माहिती बाहेर जात नाही. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असेल." माझ्या कॉम्प्युटरात बाकीचे सव्वाशे पत्तेही आहेत, त्यांना काहीच कसं झालं नाही, यावर तिकडे शांतता. लेखी तक्रारीला उत्तर आलं नाही. माहिती त्यांनी विकली, चोरीला गेली की जाहिरातीचे मेसेज पाठवणाऱ्या ठेकेदाराकडून निसटली, हे मला सांगता येणार नाही. निघाली तिथूनच, एवढं नक्की. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशा हलगर्जीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मी मात्र माझ्या हातातलं केलं. ४७चा पत्ता बंद केला. एक ओळ, अर्धं मिनिट. जुन्या फुकटच्या पत्त्यावर हे झालं असतं, तर निम्म्या गावाला नवा पत्ता कळवत बसावं लागलं असतं.

२०१९मध्ये टपालपेटीची कंपनी महाग झाली म्हणून बदलली. एमएक्सच्या दोन ओळी बदलल्या (टिंबासकट), जुनी पत्रं रात्रभरात इकडून तिकडे आणली. कुणालाही काही कळवावं लागलं नाही. नंतरच्या पुस्तकांवर छापलेला पत्ता तसाच चालू राहिला. त्या दिवशी ड्रॉवरमधली जुनी कार्डं रद्दीत टाकायला हरकत नव्हती, पण टाकली नाहीत.

अर्थात घर स्वतःचं म्हटलं की घरपट्टीही स्वतःचीच. नावाचं नूतनीकरण दरवर्षी. 'तुमचं डोमेन संपतंय, लगेच पैसे भरा' अशी खोटी पत्रं इतकी येतात की मी ती न वाचता उडवायचो. एका वर्षी त्यांच्याबरोबर खरंही उडवलं. वरून बँकेच्या कार्डाची मुदत संपलेली, त्यामुळे पैसे आपोआप कापले गेले नाहीत. दोन दिवस पत्रं बंद. सवलतीच्या मुदतीत भरले म्हणून नाव वाचलं. नाहीतर ते दुसऱ्या कुणी घेतलं असतं, आणि माझ्या नावाने आलेली बँकेची पत्रंही त्याने वाचली असती. आता पाच-पाच वर्षांचे पैसे एकदम भरतो, तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहितो, आणि नोंदणी कंपनीकडे मुलीचाही ईमेल दिलेला आहे. काळी वही कुठे असते तेही तिला माहीत आहे.

मागच्या वर्षी अण्णा पॉलिसीच्या कागदांसाठी घरी आले. फॉर्मवर माझा नवा पत्ता लिहून घेतला, चष्मा वर करून पुन्हा वाचला.

"शेवटी हे ६३ कशाला?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी दोन्ही आकड्यांवरून पेन आणखी एकदा फिरवलं, ठळक केले.

"मग नीट दिसू देत," ते म्हणाले. "पुढच्या वेळी आळ माझ्यावर नको."

चहा येईपर्यंत आम्ही दोघंही हसत होतो. त्या भांडणाचा विषय त्यांनी काढायला आठ वर्षं गेली होती.