अख्खी पोळी

सोलापूरच्या एका घरात संध्याकाळी सातच्या सुमारास तवा तापतो. मोठ्यांसाठी ज्वारीच्या भाकऱ्या आणि सहा वर्षांच्या मुलासाठी दोन पोळ्या, असा त्या घराचा नेम आहे. पोळी गोल हवी, तिच्यावर काळा डाग नको, ती दुमडलेली नको आणि मुख्य म्हणजे तिचा कोठेही तुकडा पडलेला नको. चुकून कडा फाटली, तर मुलगा ताट दूर सारतो, कानांवर हात ठेवतो आणि अर्धा तास त्याचे रडणे थांबत नाही. भाजी, आमटी यांना तो शिवतही नाही. दोन अख्ख्या पोळ्या, एका ठरावीक पेल्यातले कोमट दूध आणि एका ठरावीक पुड्यातली बिस्किटे, एवढेच त्याचे अन्न. शेजारपाजारचे लोक म्हणतात, "लाडावून ठेवलाय. दोन दिवस उपाशी ठेवा, मुकाट्याने खाईल." आईने एकदा तेही करून पाहिले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुलाने पाण्याशिवाय काही घेतले नाही. शेवटी हार आईनेच मानली.

या मुलाला स्वमग्नता आहे. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अमेरिकेतील ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि या अवस्थेला वैद्यकात नाव मिळाले. त्या ११ मुलांपैकी अनेकांच्या बाबतीत तान्हेपणापासून खाण्याच्या तक्रारी असल्याचे कॅनर यांनी नोंदवले होते. म्हणजे ताटावरचा हा झगडा स्वमग्नतेच्या पहिल्या नोंदीइतकाच जुना आहे. २०१३ मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहण्यात आले, तेव्हा इतर मुलांच्या तुलनेत स्वमग्न मुलांमध्ये खाण्याच्या अडचणींची शक्यता सुमारे पाचपट आढळली. त्यांच्या आहारात कॅल्शियम आणि प्रथिने कमी पडतात, असेही दिसून आले.

याला हट्ट म्हणणे सोपे आहे. पण तो केवळ हट्ट नसतो. अशा अनेक मुलांना वास, स्पर्श, रंग आणि आवाज आपल्यापेक्षा फार तीव्रतेने जाणवतात. फोडणीचा ठसका, वांग्याच्या भाजीचा बुळबुळीतपणा, भातात शिरलेले वरण यांतली प्रत्येक गोष्ट त्यांना हल्ल्यासारखी वाटू शकते. घरच्या अन्नाचे जे वैशिष्ट्य आपण कौतुकाने सांगतो, तेच त्यांना अडचणीचे ठरते. आजची मेथी कालच्यासारखी नसते. कधी मीठ अधिक, कधी तिखट. बिस्किट मात्र दर वेळी तेच. त्याचा आकार, रंग आणि कुरकुरीतपणा कधी दगा देत नाही. ज्याला सारे जगच बेभरवशाचे वाटते, त्याने बिस्किटावर विश्वास ठेवावा, यात नवल ते काय?

अशा घरात एक दिवस सल्ला येऊन पोहोचतो. गहू बंद करा, दूध बंद करा, मूल बोलू लागेल. या सल्ल्यामागे एक कल्पना आहे. जाक पँकसेप या संशोधकाने १९७९ मध्ये स्वमग्नतेतील काही लक्षणांचे अफूसारख्या द्रव्यांच्या परिणामांशी साम्य दाखवले. पुढे असा तर्क मांडला गेला, की गव्हातील ग्लुटेन आणि दुधातील केसीन या प्रथिनांचे अर्धवट पचलेले अंश आतड्यातून रक्तात उतरतात आणि मेंदूवर तसाच परिणाम करतात. तर्क ऐकायला पटण्याजोगा होता आणि पालकांना तो आशा देणारा होता. औषधाच्या दुकानात नव्हे, तर स्वतःच्या स्वयंपाकघरात इलाज सापडतो म्हटल्यावर कोणती आई तो करून पाहणार नाही?

सोलापूरच्या घराला तो अवघडही वाटला नाही. घरात ज्वारी होती, बाजरी होती, नाचणी होती. या धान्यांत ग्लुटेन नसते. पोळी, रवा, शेवया, पाव आणि बिस्किटे गेली. बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते हे कळल्यावर हिंगाची डबीही गेली. अडचण एकच होती. मुलगा भाकरी खात नव्हता. तांदळाच्या पिठाची उकड काढून आईने पातळ, गोल, पांढरी पोळी लाटली. आठ दिवसांच्या रडारडीनंतर त्याने ती अर्धी खाल्ली. दूध मात्र कशानेच भरून निघाले नाही.

आईने एक वही घातली. तिसऱ्या आठवड्यात तिने लिहिले, "आज हाक मारल्यावर वळून पाहिले." पाचव्या आठवड्यात लिहिले, "आज पाणी म्हणाला." घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले होते, पेढे दुधाचे म्हणून ते राहिले. त्याच वहीत वजनाचाही रकाना होता. दोन महिन्यांत मुलाचे वजन दीड किलोने उतरले होते. त्या रकान्याकडे पाहणे आई टाळत होती.

मग एका रविवारी पीठ चाळताना कोठीतल्या डब्यामागे बिस्किटांच्या पुड्यांचे रिकामे कागद सापडले, नीट घडी करून ठेवलेले. आई दुपारी शिवणाच्या वर्गाला जात असे. त्या वेळी आजी नातवाला रोज चार बिस्किटे आणि पेलाभर दूध देत होती.

"आई, तुम्ही असं कसं केलंत?" सुनेला पुढे बोलवेना.

"पोर सुकत चाललं होतं गं. मला बघवेना," आजी एवढेच म्हणाली.

दोन दिवस त्या घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आईने वही उघडली. हाकेला वळून पाहिले तो दिवस, पाणी म्हणाला तो दिवस, सारे दिवस बिस्किटांचेच होते. मुलगा खरोखरच पुढे सरकला होता. पण तो गहू सोडल्यामुळे नव्हे.

आजीने नकळत जे केले, तेच संशोधकांनी जाणूनबुजून केले आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १५ मुलांना १२ आठवडे आळीपाळीने दोन प्रकारचा आहार दिला गेला. कोणता आहार केव्हा चालू आहे, हे पालकांनाही सांगितले नव्हते. मोजमापात फरक आढळला नाही. तरी काही पालकांना मूल सुधारल्याचे वाटले. २०१६ मधील दुसऱ्या अभ्यासात १४ मुलांना आधी काटेकोर पथ्यावर ठेवले आणि नंतर त्यांच्या खाऊतून गुपचूप ग्लुटेन व केसीन दिले. वागणूक, झोप, पोट यांपैकी कशातही फरक दिसला नाही. हे अभ्यास लहान आहेत. तरी पथ्याने स्वमग्नता जाते असे म्हणण्यास त्यांतून आधार मिळत नाही. पथ्याची किंमत मात्र मोजावी लागते. २००८ मध्ये ४ ते ८ वर्षांच्या ७५ मुलग्यांच्या हाडांची तपासणी झाली. स्वमग्न मुलांच्या हाडांचा थर पातळ आढळला आणि ज्यांचे दूध बंद होते त्यांच्यात तो अधिक पातळ होता.

तरीही पोटाची तक्रार खोटी मानू नये. काही मुलांना दूध खरोखरच पचत नाही. काहींना सीलिअॅक हा गव्हाने बळावणारा आजार असतो. पोट दुखते हे सांगता न येणारे मूल डोके आपटते, चावते, रात्र रात्र जागते. अशा मुलाचे दुखणे थांबले, की ते शांत होते आणि लोकांना वाटते, स्वमग्नताच ओसरली. सीलिअॅकची रक्ततपासणी गहू बंद करण्यापूर्वी करावी लागते. नंतर केल्यास आजार असूनही तो दिसत नाही. पुष्कळ घरांत हा क्रम उलटा होतो आणि पुढे तपासणीसाठी पुन्हा गहू सुरू करण्याची पाळी येते.

पुण्याच्या आहारतज्ज्ञांनी आईला काही बंद करायला सांगितले नाही. पोळी आणि दूध परत आले. दात आणि बद्धकोष्ठ यांची तपासणी झाली. पोळीच्या पिठात आधी चमचाभर नाचणीचे पीठ मिसळायचे. मुलाच्या लक्षात आले नाही, तर पंधरा दिवसांनी दोन चमचे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गाईच्या तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. तीन चमच्यांवर रंग बदलला आणि मुलाने ताट सारले. पुन्हा दोन चमच्यांवर यावे लागले. नवा पदार्थ त्याच्या ताटात नव्हे, शेजारच्या वाटीत ठेवायचा. खाण्याचा आग्रह करायचा नाही. आधी तो वाटी जवळ राहू देईल, मग हात लावील, वास घेईल, कदाचित जीभ लावील. यात महिने जातात. वाटीत काय ठेवायचे, हे आता आजी ठरवते.

वही अजून चालू आहे. तिच्या शेवटच्या पानावर लिहिले आहे, "वजन साडेसतरा. आज भाकरीचा पापुद्रा उचलला, नाकाशी नेला, खाली ठेवला. रडला नाही."